दोन्ही हात डोक्याच्या वर

माझ्या मेलेल्या बायकोची साडी नेसून माझी नात वर्गात झाडू मारत होती. आणि माणसं हसत होती.

वर्ग चौथीचा. मार्च संपत आलेला. बाकं भिंतीला सारलेली, मधे पालकांसाठी खुर्च्या. दोरीला पोरांची चित्रं चिमट्यांनी टांगलेली. खिडकीत प्लास्टिकच्या ग्लासात उगवलेले हरभरे. फळ्यावर रंगीत खडूनं मोठं लिहिलेलं, ‘हमने क्या सीखा’. वर्षभर काय शिकलो ते पोरांनी आईबापांना दाखवायचं, असा वर्षाचा शेवटचा कार्यक्रम.

आणि माझी खुशी झाडू मारत होती. साडी तिला मोठी. कमरेशी गच्च खोचलेली, तरी पायात येत होती. पदर फरशीवर लोळत होता. एक पोरगा डॉक्टरचा पांढरा कोट घालून आला, केळ्याचं साल टाकून गेला. एक पोरगी विमानातली बाई झालेली, तिनं चिप्सचं पाकीट टाकलं. खुशीनं उचलायचं. मग सगळ्यांनी नाक दाबायचं आणि एका सुरात म्हणायचं, “छी छी छी! ऐ सफाईवाली, इधर भी!”

लोक हसले. मोबाईल वर गेले. माझ्या पुढच्या खुर्चीतली बाई नवऱ्याला म्हणाली, “ये वाली कितना नॅचरल कर रही है न!”

खुशीनं मान वर केली. गर्दीत मला शोधलं. मी सगळ्यात मागं, पाण्याच्या कूलरपाशी. तिनं माझ्याकडं पाहिलं. ती रडत नव्हती. विचारत होती. आबा, ही साडी तुम्हीच दिली ना?

दिली होती. मीच दिली होती.

हे कसं झालं ते सांगतो. मला लिहायची सवय नाही. चौथीपर्यंत शिकलो, तेही पुरं नाही. जसं तोंडात येतं तसं लिहितो.

आम्ही मूळचे वऱ्हाडातले. बाप रेल्वेत खलाशी, म्हणजे साधा मजूर, म्हणून झाशीला आला, इथंच मेला. मीही रेल्वेतच लागलो. गँगमन. रुळांची देखभाल करणारी टोळी असते, त्यातला. घण, पहार आणि ऊन. उजवा खांदा त्या घणानं खाल्ला. रिटायर झालो, क्वार्टर सोडलं, दतिया गेटजवळ दोन खोल्या घेतल्या भाड्यानं. मुलगा बिजौलीला कारखान्यात जातो. सून घरी ब्लाऊज शिवते. खुशी त्यांची एकुलती.

माझी बायको सुभद्रा. जवळच्या एका खासगी शाळेत आया होती. आया म्हणजे नाकं पुसायची, चड्ड्या बदलायच्या, वर्ग झाडायचे, संडास धुवायचे. त्या शाळेला दोन दारं आहेत. एक मोठं, कमानीचं. त्यातून पोरं, मास्तर, पालक. दुसरं बाजूला, कचऱ्याच्या ड्रमाजवळ. त्यातून आया आणि चपराशी. ती गेली तोवर त्या बाजूच्या दारानंच आत गेली.

तिची दाढ दुखायची. म्हणून पदराच्या टोकाला गाठ मारून त्यात लवंगा ठेवायची. नवं पोरगं आईसाठी रडायला लागलं की त्याला ती गाठ हातात द्यायची. पोरगं गाठ हुंगायचं. गप व्हायचं. मग दिवसभर गाठ धरून तिच्या मागं मागं. ती झाडते आहे आणि एक शेंबडं पोरगं पदराला लटकलेलं, असं कितीदा पाहिलं मी. पोरं तिला अम्मा म्हणायची. तिचं नाव सुभद्रा आहे हे तिथं किती जणांना ठाऊक होतं, कोण जाणे.

बाईंना ठाऊक होतं.

बाई म्हणजे चौथीच्या वर्गाच्या बाई. आपल्या मराठी. पिढ्यान्‌पिढ्या झाशीत राहिलेलं जुन्या कारभाऱ्यांचं घर. शाळेत सगळं हिंदीत चालतं, पण बाई सुभद्राशी मराठीत बोलायच्या. “अहो सुभद्राबाई, जरा इकडे येता का?” असं म्हणायच्या. घरी येऊन ती मला तसंच म्हणून दाखवायची. अहो सुभद्राबाई.

महाराष्ट्रात राहणाऱ्याला हे कळायचं नाही. इथं मराठी बोलायला माणूस मिळत नाही. माझा मुलगा माझ्याशी निम्मं हिंदीत बोलतो. खुशीला मराठी कळतं, बोलताना अडखळते. अशात बाहेरचं कोणी ‘काय काका, बरं आहे ना?’ म्हणालं की जीव हरखतो. माझाही हरखायचा. आपल्या बाई, म्हणायचो आम्ही. शाळेत आपल्या बाई आहेत. खुशीला त्या शाळेत घातलं ते त्याच भरवशावर.

गौरीच्या दिवसांत बाईंच्या घरी खूप माणसं जेवायची. मग भांडी घासायला सुभद्राला बोलावणं. तेही मराठीतच. “आपलं घर समजून या हो.” एकदा तिकडून आली, चपला काढता काढता म्हणाली, “भाषा आपली, कप वेगळा.” आणि हसली. तिचा कप खिडकीत ठेवलेला असायचा, तुटक्या कानाचा.

मी म्हटलं, “मग जाऊ नको.”

ती म्हणाली, “जाऊ द्या हो. आपली पोरगी आहे त्यांच्या हाताखाली.”

यंदा थंडीत सुभद्रा गेली. छाती भरली, दवाखान्यात नेली, परत आणली ती तशीच आणली. शाळेतून बाई आल्या. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून रडल्या. खऱ्या रडल्या, खोटं कशाला सांगू. म्हणाल्या, “काका, माझी मोठी बहीण गेली हो.”

ते वाक्य मी धरून बसलो. दुपारी घरात शिवणयंत्राचा आवाज असायचा आणि मी. ते वाक्य मनात घोळवत पडायचो. रेल्वेत एवढी वर्षं काढली, मला कोणी असं कधी बोललं नव्हतं.

फेब्रुवारीत खुशी एक दिवस पळत घरी आली. वर्गात धडा झाला होता, ‘संचार के साधन’, म्हणजे निरोप पोचवायच्या तऱ्हा. चिठ्ठी, फोन, टीव्ही वगैरे. बाईंनी सांगितलं, प्रत्येकानं वर्षभरात शिकलेली एक गोष्ट निवडायची आणि शेवटच्या कार्यक्रमात सगळ्यांपुढं करून दाखवायची. खुशी म्हणाली, “आबा, मैं रेल के इशारे दिखाऊँगी. तुम्ही शिकवा.”

मी शिकवले. एक हात आडवा, ताठ, म्हणजे गाडी जाऊ दे. एक हात खाली-वर, खाली-वर, म्हणजे हळू ये. आणि दोन्ही हात डोक्याच्या वर म्हणजे थांब. धोका आहे, थांब. हे झेंडी नसेल तेव्हाचं. झेंडी असली तर लाल-हिरवी. सुनेनं चिंध्यांतून दोन झेंड्या शिवून दिल्या.

खुशीनं विचारलं, “और ड्रायवर नहीं माना तो?”

मी तिला सांगितलं, मानतो. मानावंच लागतं. गाडी केवढीही असो, आत कोणीही साहेब बसलेला असो. समोर रुळावर कोणी दोन्ही हात डोक्याच्या वर करून उभा दिसला की ब्रेक लावायचा. हात कोणाचे आहेत हे आधी विचारत नाहीत. गाडी थांबल्यावर विचारतात. थंडीत रूळ तडकतो. एकदा तसाच तडकलेला सापडला, झेंडी टोळीपाशी राहिलेली, समोरून गाडी. मी हात वर करून रुळांमधून धावत सुटलो. ड्रायव्हरनं खिडकीतून बाहेर येऊन आईबहिणीवरून शिव्या दिल्या. पण थांबला.

खुशीला ती गोष्ट फार आवडली. रोज संध्याकाळी गल्लीत एका टोकाला ती, दुसऱ्या टोकाला मी. मी गाडी व्हायचो. तिनं हात वर केले की मी जागच्या जागी थांबायचो. शेजारचे म्हणायचे, “दादाजी, बुढ़ापे में इंजन बन गए!” सुभद्रा गेल्यापासून त्या गल्लीतच काय तो मी हसलो असेन.

परीक्षा झाल्या. कार्यक्रमाला थोडे दिवस राहिले आणि बाई दारात आल्या. या वेळीही उंबऱ्याबाहेरच.

“काका, त्या दिवशी सुभद्राबाईंची आठवण करायची म्हणते मी. फोटो ठेवू. मुलं अम्माविषयी दोन दोन शब्द बोलतील. त्यांची एखादी साडी द्याल का? फोटोजवळ ठेवायला. शाळेची नको, चांगली द्या.”

मी नुसती मान हलवली.

पेटी उघडली. तिच्या वस्तू कुठं काय असतात ते मला अजून कळत नाही, सगळ्या घड्या विस्कटल्या. तळाशी ती होती. पांढरी, निळ्या काठाची. एप्रिलातल्या जयंतीला नेसायची ती. वर्षातून एकदा. आमची मिरवणूक निघायची, निळे झेंडे पुढं, ती बायकांच्या रांगेत, आणि तिची मान अशी ताठ असायची की मला ती ओळखू यायची नाही. शाळेत जाणारी सुभद्रा वेगळी आणि ही वेगळी. पदराला गाठ तशीच होती. आत लवंगा. मागल्या जयंतीच्या. मी गाठ सोडली नाही. तशीच दिली.

बाईंनी साडी पिशवीत घेतली. म्हणाल्या, “किती जपून ठेवलीय हो.”

आणि कार्यक्रमाच्या दिवशी मी इस्त्रीचा सदरा घालून गेलो. मुलाला रजा नाही, सुनेची लग्नसराईची शिवण. मी एकटाच. खुशी सकाळीच गेली होती, दप्तरात दोन झेंड्या घेऊन. मी वर्गात शिरलो आणि फोटो शोधला. फोटो कुठं नव्हता. वाटलं, नंतर ठेवतील. एका पोरानं चंद्राच्या कला दाखवल्या. एकीनं पाढे म्हटले. मग माईकवर बाई म्हणाल्या, “अब देखिए, स्वच्छता पर एक मज़ेदार नाटक.”

तेच मी वर सांगितलं.

नंतर खुशीकडून कळलं. सफाईवाली होणार होती दुसरीच पोरगी. तिच्या आईनं त्या सकाळी येऊन सांगितलं, हमारी बेटी झाडू नहीं पकड़ेगी. वेळ नव्हता. बाईंनी खुशीला बाजूला घेतलं, तिच्या झेंड्या दप्तरात ठेवायला लावल्या आणि मराठीत सांगितलं, “तुझ्या आजीचाच रोल आहे बाळा. तुला छान जमेल. आबांना सांगितलंय मी, त्यांनीच तर साडी दिली.”

म्हणजे मेलेल्याच्या नावानं साडी नेली. आणि पोरीला सांगितलं, आबांनी दिली.

पण त्या वेळी मला हे काही माहीत नव्हतं. मला फक्त खुशीचे डोळे दिसत होते. विचारणारे. आणि फरशीवर लोळणारा पदर. केळ्याच्या सालावरून गेला तो. डॉक्टर झालेल्या पोरानं पाय दिला त्यावर. चुकून दिला असेल. पोरंच ती. पाय दिला आणि खुशी अडखळली आणि लोक पुन्हा हसले.

मी खुर्चीवरून उठलो.

ओरडावं असं वाटलं. आवाज आला नाही. मग मी दोन्ही हात वर केले. डोक्याच्या वर. उजवा खांदा करकरला, तरी केले. तसाच उभा राहिलो.

पुढची बाई मागं वळून बघायला लागली. कोणीतरी म्हणालं, “अरे, दादाजी ने तो हैंड्स अप कर दिया!” खसखस पिकली.

खुशीनं पाहिलं.

त्या अख्ख्या वर्गात त्या हातांचा अर्थ एकाच माणसाला कळत होता, आणि ते माणूस नऊ वर्षांचं होतं. झाडू हातातल्या हातात थांबला. डॉक्टर पोरगा कुजबुजला, “लगा न, झाडू लगा!” बाजूनं बाईंचा आवाज आला, “खुशी, कंटिन्यू!” खुशीनं झाडू खाली ठेवला. टाकला नाही. वाकून, नीट, भिंतीशी ठेवला. फरशीवरचा पदर उचलून खांद्यावर घेतला. आणि माझ्याकडं तोंड करून दोन्ही हात वर केले.

हसणं थांबलं. एकदम नाही थांबलं. पुढून मागं थांबत आलं.

मुख्याध्यापक पहिल्या रांगेतून उठले. “बाबाजी, क्या तकलीफ़ है? तबीयत ठीक है? हाथ नीचे कीजिए, बैठ जाइए.”

मी हात खाली केले नाहीत.

बाई खुर्च्यांमधून वाट काढत आल्या. अगदी जवळ आल्या. ओठ हलतील न हलतील असं हळू, मराठीत म्हणाल्या, “काका, काय हे? चारचौघांत? आपल्या माणसांना शोभतं का? अहो, मान आहे हा सुभद्राबाईंचा. बसा बघू. आपण नंतर बोलू आपसात.”

आपसात.

तेव्हा माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला. हे मराठी कशासाठी होतं ते कळलं. ‘अहो सुभद्राबाई’ कशासाठी होतं. भांडी घासायला मराठीत बोलावलं. साडी मराठीत नेली. पोरीला मराठीत फसवलं. आणि आता मराठीतच गप बसवत होत्या, बाकी कोणाला कळू नये म्हणून. माझ्या आईची बोली. तिचं फडकं केलं होतं यांनी, तोंडात कोंबायला.

मी हिंदीत बोललो. मोठ्यानं.

“ये साड़ी मेरी घरवाली की है. मर गई. आपके बच्चों की नाक पोंछते-पोंछते मर गई. मैडम ने मुझसे कहा, फोटो के पास रखेंगे, उसको याद करेंगे. मैंने झाडू लगाने को नहीं दी थी. खुशी, सुन ले. मैंने नहीं दी थी.”

खुशी तशीच उभी. हात वर.

“उसका नाम सुभद्रा था,” मी म्हणालो. “अम्मा नहीं. सुभद्रा.”

पंखा फिरत होता. दोरीवरची चित्रं हलत होती. कोणाचा तरी मोबाईल अजून वर होता, तो हळूच खाली गेला. पुढच्या खुर्चीतली बाई पर्समध्ये काहीतरी शोधायला लागली. बाईंचा चेहरा लाल झाला. मला वाटलं, एक शब्द बोलतील. चुकलं म्हणतील. त्या माईककडं गेल्या आणि म्हणाल्या, “बच्चों के लिए तालियाँ.” आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी पुढं गेलो, खुशीचा हात धरला, दप्तर घेतलं आणि निघालो. बाहेर येताना चपराशानं सवयीनं बाजूच्या दाराकडं हात दाखवला. आम्ही मोठ्या दारातून बाहेर आलो.

रस्त्यात साडी अजून तिच्या अंगावर, दोन्ही हातांनी वर धरून चालत होती. मग म्हणाली, “आबा, मुझे लगा आपको पता था.”

तेवढंच म्हणाली. तेव्हा मला सगळ्यात जास्त लागलं. लोक हसले, ते लागलं होतं. बाईंनी दगा दिला, तेही लागलं. पण एक अख्खी सकाळ माझी नात धरून चालली होती की तिच्या आबांनीच तिला झाडू धरायला लावला. बाईंनी माझ्यापासून तेवढं चोरलं होतं.

संध्याकाळी मुलगा कारखान्यातून आला. त्याला बाहेरूनच कळलं होतं. चहाही न पिता बसला.

“बाबा, माफी माँग लो. नाव काढून टाकतील पोरीचं.”

“कशाची माफी?”

“कशाची पण. ते लोग बड़े हैं. नाहीतर मीच काढतो नाव. दुसरीकडं घालू. रोज त्या बाईसमोर बसवायची का तिला?”

तेव्हा मी त्याला एक सांगितलं. त्याच्या आईला माहीत होतं, त्याला कधी बोललो नव्हतो. मी चौथीत होतो. इथंच, झाशीत. वर्षाचा शेवटचा दिवस, निकालाचा. गुरुजींनी आमच्या वस्तीतल्या आम्हा दोघांना सकाळीच बाहेर काढलं. म्हणाले, आज पालक येणार, व्हरांडा झाडा, मागची मोरी धुवा. आम्ही झाडत होतो. आत एकेक नाव पुकारत होते आणि टाळ्या वाजत होत्या. माझं नाव पुकारलं. मी ऐकलं. मी दारात गेलो, हातात खराटा. गुरुजी म्हणाले, “बाहर. पहले मोरी.” पोरं हसली. मी खराटा तिथंच टाकला आणि घरी पळालो. पुन्हा त्या शाळेत गेलो नाही. मी पास झालो होतो की नापास, मला आजतागायत माहीत नाही.

मुलगा खाली बघत होता.

मी म्हटलं, “मला कोणी काढलं नाही रे. मीच गेलो. त्यांचं काम सोपं झालं. ही जाणार नाही.”

तो म्हणाला, “और अगर निकाल दिया?”

“निकालें. दारात उभा राहून काढायला लावीन त्यांना. सगळ्यांसमोर. आपण आपल्या पायानं जायचं नाही.”

सून इतका वेळ मशीनवर होती. पाय थांबवून म्हणाली, “आबा बरोबर बोलतात.” आणि पुन्हा पाय चालवायला लागली.

निकालाच्या दिवशी मी खुशीला घेऊन गेलो. मोठ्या दारातून. मुख्याध्यापकांनी आधी मला आत बोलावलं. बाई बाजूला उभ्या. साहेब गोड बोलले. आप बुज़ुर्ग हैं, आपका दुख हम समझते हैं, मगर स्कूल की बदनामी हुई. एक कागद पुढं सरकवला. “दो लाइन लिख दीजिए कि आवेश में हो गया. बात खत्म.”

मी म्हटलं, “आवेश में नहीं हुआ. सोच के हाथ उठाए थे.”

“देखिए, बच्ची के अगले साल का भी सोचना है हमको.”

“मैं भी वही सोच रहा हूँ.”

मग मी बाईंकडं वळलो. त्यांना एक विचारायचं होतं. कित्येक रात्री तेच डोक्यात होतं. मराठीत विचारलं, शेवटचं. “बाई, मोठी बहीण म्हणाला होतात. बहिणीची साडी फरशी पुसायला दिली असती का हो तुम्ही?”

बाई भिंतीकडं बघत हिंदीत म्हणाल्या, “आप बात को गलत ले रहे हैं.”

हिंदीत. बरं झालं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्या माझ्याशी सरळ बोलल्या.

कागद मी तसाच सोडला. वर्गात गेलो. खुशी मागच्या बाकावर जाऊन बसली होती, तिला उठवून पुढच्या बाकावर बसवलं. मी दारात उभा राहिलो, आतल्या बाजूनं. बाई आल्या. नावं पुकारायला लागल्या. खुशीचं नाव आलं. बाईंनी वर न बघता पुकारलं. ती उठली, पुढं गेली, निकाल हातात घेतला, जागेवर येऊन बसली. पाचवीत गेली. टाळ्या वाजल्या की नाही, मी ऐकलं नाही. मी तिचे हात बघत होतो. मोकळे होते ते. त्यात निकाल होता.

साडी मी धुतली नाही. काठावर खडूची पांढरी धूळ आहे, पदरावर बुटाचा ठसा. आणि गाठ सुटली. त्या दिवशी घरी येऊन पाहिलं तर पदराचं टोक नुसतंच लोंबत होतं. लवंगा त्या वर्गाच्या फरशीवर कुठंतरी पडल्या असतील आणि दुसऱ्या दिवशी नव्या आयानं झाडून काढल्या असतील. सुभद्रानं स्वतःच्या हातानं मारलेली ती शेवटची गाठ होती घरात. ती गेली. ते मी विसरणार नाही आणि माफही करणार नाही. कोणी मला सांगायला येऊ नये.

पुढल्या वर्षाचं बघू, म्हणालेत साहेब. बघू दे. मीही बघतो. पाचवीच्या पहिल्या दिवशी मी खुशीला सोडायला जाणार. मोठ्या दारानं. वर्षाच्या शेवटी पुन्हा कार्यक्रम होईल, पुन्हा पोरं काहीतरी दाखवतील, तेव्हाही जाणार. मागच्या नाही, पहिल्या रांगेत बसणार. खुशीच्या दप्तरात झेंड्या आहेत, त्या मी काढू दिल्या नाहीत. तिला जे दाखवायचं होतं ते ती दाखवेल. दाखवू दिलं नाही तर मी उठेन.

उजवा खांदा आता फार दुखतो. रात्री कुशीवर झोपता येत नाही. पण रोज सकाळी गल्लीत उभा राहून करून बघतो. दोन्ही हात अजून डोक्याच्या वर जातात.